पुण्याचे ज्योतिर्विद प्रोफेसर नायगमवाला

गेल्या हिवाळ्यातील एका संध्याकाळी आपल्या शाळेच्या गच्चीवर जे घडले ते तुमच्यापैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. वरच्या वर्गातील मुलांनी स्वतः जुळविलेली सहा इंची आरशाची दुर्बीण शनीवर रोखलेली होती, आणि कडे पाहण्यासाठी मुलांची व त्यांच्या आईबापांची रांग जिन्यापर्यंत लागली होती. पहिल्या मुलाने कडे पाहिले, दुसऱ्याने पाहिले, तिसऱ्याने डोळा लाविला तो काय, शनी नाहीसा! दुर्बीण पुन्हा सरकवावी, पुन्हा दोघांनी पाहावे, पुन्हा ग्रह पळून जावा, असे रात्री नऊ वाजेपर्यंत चालले. रांगेतील एका आजीबाईंनी तर मास्तरांची दुर्बीण नादुरुस्त आहे असा निवाडाही देऊन टाकिला. वस्तुतः दुर्बिणीचा काहीच दोष नव्हता. पृथ्वी आपल्या आसाभोवती फिरते, त्यामुळे सारे आकाश पश्चिमेकडे सरकत असते. आणि शंभरपट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून आकाशाचा जो अर्ध्या अंशाचा तुकडा दिसतो, तो ओलांडण्यास ग्रहास सुमारे दोन मिनिटे पुरतात.

दुसऱ्या दिवशी मुलांनी आमच्यापुढे प्रश्न मांडिला की दुर्बिणीस मोटर बसवावयाची झाल्यास कोणती बसवावी. भिवंडीच्या मुलांस मोटरींचे भय ते काय! एकाचे वडील यंत्रमागावर काम करीत असल्यामुळे त्याने मागाची एक जुनी मोटर आणून देण्याचे कबूलही केले. ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही पुढे देणारच आहो. परंतु त्या दिवशी आमच्या मनात आले ते असे की, हाच प्रश्न आपल्या ह्याच प्रांतात, येथून फार दूर नसलेल्या पुणे शहरी, शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी मोठ्या प्रमाणावर सोडविला होता; आणि मुलांपैकी एकासही त्यांचे नाव ठाऊक नव्हते. ते गृहस्थ म्हणजे प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला होत.

नायगमवाला हे पारशी. त्यांचा जन्म 1857 साली झाला. मुंबई विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षीची, म्हणून ते व त्यांचे विद्यापीठ समवयस्क म्हणावयास हरकत नाही. 1878 साली ते एम. ए. झाले आणि 1882 च्या सुमारास एल्फिन्स्टन कॉलेजात प्रायोगिक पदार्थविज्ञानाचे अध्यापक म्हणून शिकवू लागले. त्या काळी आपल्याकडे विज्ञान शिकविणे म्हणजे बहुधा पुस्तक वाचून दाखविणे असे. नायगमवाला ह्यांस मात्र उपकरणे हवी होती. त्यांच्या सुदैवाने भावनगरचे महाराज तख्तसिंहजी हे त्याच सुमारास कॉलेज पाहावयास आले, आणि वर्णपटाच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभारण्यासाठी त्यांनी पाच हजार रुपये दिले. मुंबई सरकारनेही तितकीच रक्कम घातली.

येथे वर्णपट म्हणजे काय हे लहान वाचकांसाठी सांगणे अवश्य आहे. सूर्याचा किरण काचेच्या लोलकातून गेला म्हणजे त्याचे सप्तरंगी पट्ट्यात रूपांतर होते. तप्त वायूचा प्रकाश तसाच लोलकातून पाहिला तर अखंड पट्टा न दिसता ठराविक जागी चमकणाऱ्या रेषा दिसतात, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांच्या जागा निराळ्या असतात. चुलीच्या ज्योतीत मिठाचा खडा टाकिला असता ती पिवळी होते, हे स्वयंपाकघरात सर्वांनी पाहिलेच आहे. त्यातलेच हे तत्त्व. ह्या योगाने कोट्यवधी मैल दूर असलेला तारा कोणत्या द्रव्यांचा बनला आहे हे घरबसल्या ओळखता येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील मोठमोठे पंडित ह्याच विद्येच्या मागे लागले होते.

1884 साली नायगमवाला उपकरणे खरेदी करण्याकरिता इंग्लंडास गेले. तेथे त्यांची राजज्योतिषी ख्रिस्ती व सर नॉर्मन लॉकियर ह्यांच्याशी भेट झाली. (लॉकियर त्या वेळी सर झाले नव्हते, पण पुढे त्याच नावाने ओळखले गेले.) सूर्याच्या वर्णपटावरून हेलियम वायूचा सुगावा ज्यांस लागला तेच हे लॉकियर. ह्या दोघांच्या सल्ल्याने बेत पालटला, व कॉलेजातील प्रयोगशाळेऐवजी एक वेधशाळाच उभारावी असे ठरले. मुंबईचे आकाश दमट व धुरकट. म्हणून जागा पुण्याची निवडली गेली, आणि 1885 साली नायगमवाला ह्यांची बदली पुण्याच्या सायन्स कॉलेजात झाली. हेच पुढे इंजिनियरिंग कॉलेज झाले. वेधशाळा 1888 साली तयार झाली व तीस महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा असे नाव मिळाले. तिच्यासाठी डब्लिन शहरातील ग्रब ह्या सुप्रसिद्ध कारागिरांकडून आलेली वीस इंची आरशाची दुर्बीण पुढे कित्येक दशके हिंदुस्थानातील सर्वांत मोठी दुर्बीण म्हणून गणली गेली.

आता आपल्या गच्चीवरील अडचणीकडे वळू. कारण पुण्यासही तीच अडचण, किंबहुना शतपटीने बिकट होती. आपल्याला शनी नुसता पाहावयाचा होता. नायगमवाला ह्यांस ताऱ्याचा प्रकाश केसासारख्या बारीक फटीतून आत घ्यावयाचा होता, आणि तो तासन्‌तास त्याच फटीवर टिकवावयाचा होता. आकाश तर एका सेकंदात सुमारे पंधरा विकला सरकते. तारा क्षणभर फटीबाहेर गेला की वर्णपट मावळला!

ह्यावर पहिला उपाय बैठकीचा. दुर्बिणीचा एक आस पृथ्वीच्या आसाशी समांतर ठेवावयाचा, म्हणजे त्याचे टोक बरोबर ध्रुवबिंदूकडे रोखले जाते. पुण्यास तो क्षितिजापासून साडेअठरा अंश उचलावा लागतो, भिवंडीस सुमारे सव्वाएकोणीस. असे केले म्हणजे तारा कोठलाही असो, त्याच्यामागे जाण्यास ह्या एकाच आसाभोवती फिरणे पुरते. हा आस 23 तास 56 मिनिटे व 4 सेकंद एवढ्या वेळात एक फेरी पुरी करील इतक्या गतीने फिरला पाहिजे. चोवीस तास का नव्हेत, असे मुले नेहमी विचारतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता सूर्याभोवतीही पुढे सरकत असते. म्हणून तोच तारा दररोज सुमारे चार मिनिटे लवकर माथ्यावर येतो, हे त्याचे कारण.

दुसरा उपाय चालकशक्तीचा. 1888 साली अशा कामास जोडावी अशी विजेची मोटर आपल्याकडे सुलभ नव्हती. मग शक्ती कोठून आणावी? स्प्रिंग घातली तर ती किल्ली दिल्याबरोबर जोराने ओढते व सुटत जाता जाता मंदावते. वजन टांगले तर त्याची ओढ पहिल्या क्षणी जेवढी तेवढीच शेवटच्या क्षणी राहते. म्हणून मोठ्या दुर्बिणींस तारेवर टांगलेले वजन जोडीत, व रात्रीतून ते पुनःपुन्हा वर गुंडाळावे लागे. परंतु नुसते वजन सुटे सोडिले तर ते धाडकन खाली येईल! त्यास आवर कसा घालावा? भिंतीवरील घड्याळाचा लंबक घालावा, तर घड्याळ टिक टिक असे थांबत थांबत चालते. प्रत्येक ठोक्यास दुर्बीण धक्का खाईल आणि तारा फटीवर नाचू लागेल. येथे थांबत न चालणारे घड्याळ हवे. ते असे करीत: एका उभ्या दांड्यास दोन गोळे लाविलेले असत, दांडा वेगाने फिरू लागला की गोळे बाहेर फाकत आणि एका कड्यास घासत, घर्षणाने गती कमी झाली की ते आत येत व घर्षण सुटे. अशा रीतीने फार वेग नाही, फार मंदपणाही नाही, अशी एक संथ गती आपोआप साधे. वाफेच्या एंजिनावरील गव्हर्नर ज्यांनी पाहिला असेल त्यांस हे लगेच उमजेल. ही गती मळसूत्राच्या दांड्यावाटे एका मोठ्या दातेरी चाकास मिळे, आणि ते चाक दुर्बिणीस घेऊन फिरे.

ही युक्ती ग्रबने प्रथम काढिली असे मात्र नव्हे. बव्हेरियातील फ्राउनहोफर ह्या गरीब काच-कारागिराच्या मुलाने 1824 साली रशियाच्या साम्राज्यातील डोर्पाट येथील वेधशाळेस जी दुर्बीण करून दिली, तीस त्याने असेच वजनावर चालणारे यंत्र लाविले होते, व पुढील शतकभर मोठ्या दुर्बिणी त्याच घाटाच्या होत राहिल्या. सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषांस त्याचेच नाव आहे. म्हणजे ज्याने रेषा मोजल्या त्यानेच दुर्बिणीस चालावयास शिकविले, हा योग आम्हांस मोठा मनोहर वाटतो.

असो. दुर्बीण मिळाली, वेधशाळा उभी राहिली. आता तिच्यातून काम काय झाले ते पाहू. नायगमवाला ह्यांच्या आयुष्यातील खरा कसोटीचा प्रसंग आम्ही ह्यालाच समजतो.

मृगनक्षत्रात व्याधाच्या वरच्या अंगास तीन ताऱ्यांचा बाण दिसतो. त्याच्या खालच्या बाजूस अंधारी रात्र असली म्हणजे धुरासारखा एक पुसट ठिपका डोळ्यांस दिसतो. तो मृगातील तेजोमेघ होय. त्याच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा आहे, आणि ती कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याच्या रेषेशी जुळत नव्हती. लॉकियर ह्यांचे मत असे की विश्वातील सर्व ज्योती उल्कांच्या थव्यांपासून झाल्या असून ही रेषा त्या उल्कांतील मॅग्नेशियमची आहे. हगिन्स ह्या दुसऱ्या थोर इंग्रज ज्योतिर्विदांस ते मान्य नव्हते. दोघांत मोठा वाद माजला. निर्णय करण्याचा एक मार्ग होता. मॅग्नेशियमचा तो पट्टा एका कडेस ठसठशीत पण दुसऱ्या कडेस विरत गेलेला असतो. म्हणून तेजोमेघातील रेषा एका बाजूस पुसट दिसली तर लॉकियर खरे, दोन्ही बाजूंस रेखीव दिसली तर त्यांचे मत टिकत नाही.

नायगमवाला ह्यांनी पुण्याच्या स्वच्छ आकाशात मृगाच्या तेजोमेघावर दुर्बीण रोखिली व तीक्ष्ण वर्णपटदर्शकातून ती रेषा पाहिली. फिकट तेजोमेघाचा प्रकाश बारीक फटीवर धरून ठेवावयाचा आणि रेषेची कड न्याहाळावयाची, हे काम किती चिकाटीचे आहे ह्याची कल्पना आपल्या गच्चीवरील अनुभवावरून येईल. रेषा प्रत्येक वेळी रेखीवच दिसली. त्यांनी तसे लिहून लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीकडे धाडिले, व 1891 साली ते तिच्या नियतकालिकात छापले गेले.

वाचकांनी क्षणभर विचार करावा. लॉकियर हे त्या काळचे अत्यंत वजनदार शास्त्रज्ञ. पुण्याची वेधशाळा अस्तित्वात आली ती काही अंशी त्यांच्याच सल्ल्याने. नायगमवाला तर पस्तिशीही न गाठलेले, पारतंत्र्यातील देशाच्या एका प्रांतिक कॉलेजातील अध्यापक. गप्प बसणे सोयीचे होते. आकाश ढगाळ होते म्हणून सांगितले असते तर कोण तपासावयास येणार होते? परंतु जे दिसले ते त्यांनी लिहिले. हगिन्स ह्यांची बाजू खरी ठरली. ती रेषा कोणत्या द्रव्याची हे कोडे मात्र पुढे कित्येक वर्षे तसेच राहिले. 1927 साली अमेरिकेतील बोवेन ह्यांनी ते सोडविले: ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची रेषा असून इतक्या विरळ वायूत मात्र ती उमटते, येथील प्रयोगशाळेत उमटत नाही. म्हणजे आपण जो श्वास घेतो त्यातीलच प्राणवायू मृगात प्रकाशत होता! नायगमवाला तेव्हा सत्तर वर्षांचे होते.

ह्यानंतर 22 जानेवारी 1898 रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा योग आला. चंद्राची छाया कोकणच्या किनाऱ्यावर उतरून सोलापूर जिल्हा, वऱ्हाड व नागपूर प्रांत ओलांडीत हिमालयाकडे जाणार होती. मुंबई इलाख्यात त्या वेळी प्लेगने थैमान घातले होते. तरीही जगाच्या चारी कोपऱ्यांतून ज्योतिर्विद आपल्या प्रांतात येऊन उतरले. लॉकियर विजयदुर्गच्या किल्ल्यावर आले. (हेलियमचा शोध त्यांस विजयदुर्गावर लागला असे आपल्याकडे पुष्कळ जण सांगतात, ते बरोबर नाही. तो शोध 1868 सालचा, व त्या वेळी लॉकियर इंग्लंडातच होते.) नायगमवाला ह्यांनी आपला तळ सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे दिला. रेल्वेचे स्टेशन जवळ, म्हणजे जड पेट्या नेण्याची सोय. आणि पौषातील कोरडी हवा.

अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही जेऊरासच आले होते. त्यांच्याजवळ चाळीस फूट लांबीचा कॅमेरा होता. एवढे धूड आकाशाच्या मागे फिरविणार कसे? त्यांची युक्ती ऐकण्यासारखी आहे. त्यांनी कॅमेरा मुळीच फिरविला नाही! भिंग व नळी ग्रहणाच्या क्षणी सूर्य जेथे येणार तिकडे रोखून पक्की बसविली, आणि सूर्याची प्रतिमा जसजशी सरकेल तसतशी आतील फोटोची काच घड्याळी यंत्राने सरकविली. जड वस्तू हलविता येत नसेल तर हलकी हलवावी, हे ज्यास सुचले त्याची बुद्धी खरोखर वाखाणण्यासारखी. तुमच्यापैकी कोणास पुढे मोठी दुर्बीण करावयाची झाली तर हे विसरू नये.

ग्रहणाच्या दिवशी आकाश निरभ्र राहिले. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटे टिकली, आणि तेवढ्यात महिनोन्‌महिने केलेली तयारी कारणी लागावयाची होती. नायगमवाला व त्यांचे सहकारी ह्यांनी सूर्याभोवतालच्या तेजोवलयाचे व वर्णावरणाचे वर्णपट टिपले. त्याचा सविस्तर वृत्तांत त्यांनी 1902 साली प्रसिद्ध केला. ग्रहण पाहावयाचे म्हणजे सोवळ्यात बसून दान द्यावयाचे एवढेच ज्या काळी सामान्यतः ठाऊक होते, त्या काळी एका हिंदी अध्यापकाने आखलेली ही मोहीम परदेशी पथकांच्या शेजारी बरोबरीने उभी होती, हे आम्हांस विशेष वाटते.

पुढील वर्षांबद्दल लिहिताना आमची लेखणी अडखळते. वेधशाळा एका माणसाच्या उत्साहावर उभी होती. त्यांचे काम पुढे चालवील असा शिष्य तयार झाला नाही. दक्षिणेत कोडाईकनाल येथे सरकारची मोठी सौरवेधशाळा ह्यापूर्वीच सुरू झाली होती. 1912 साली नायगमवाला सेवानिवृत्त झाले, त्याबरोबर पुण्याची वेधशाळा बंद करण्यात आली, व तिची उपकरणे पेट्यांत भरून कोडाईकनालास रवाना झाली. चोवीस वर्षांत जे उभारिले ते एका सहीने उठले! पेट्या बंद होताना त्या वृद्ध अध्यापकाच्या मनात काय आले असेल हे आम्ही कोठे वाचलेले नाही. अंदाज बांधण्याचे धाडसही आम्ही करीत नाही. त्यानंतर ते सव्वीस वर्षे जगले, आणि 1938 साली निवर्तले. त्यांच्या वीस इंची दुर्बिणीचा कोडाईकनाल येथे विसाव्या शतकाच्या मध्यास पुन्हा उपयोग होऊ लागला. तेथे तीस भावनगर दुर्बीण असे म्हणतात. दात्याचे नाव राहिले, वापरणाऱ्याचे गेले.

आता मुलांस दिलेले वचन पाळणे प्राप्त आहे. मागाची मोटर का चालणार नाही? ती मिनिटाला सुमारे 1440 फेऱ्या घेते. आपल्या आसास एक फेरी 1436 मिनिटांत घ्यावयाची आहे. म्हणजे वीस लाखांहून अधिक फेऱ्यांची एक फेरी करावी लागेल, आणि तितके दातेरी चाकांचे जंगल गच्चीवर मावणार नाही. शिवाय भार वाढला की त्या मोटरीची गती थोडी उतरते, हे मागावर काम करणाऱ्या पालकांस आम्ही सांगावे असे नाही. नीट तोलून बसविलेली दुर्बीण फिरविण्यास बोटाचा जोर पुरतो. येथे जोर नको, संथपणा हवा.

आम्ही स्वतः प्रथम एक चूक केली तीही सांगून टाकितो. एका मोडक्या यंत्रातील लहानशी मोटर स्वस्तात मिळाली, मिनिटाला एक फेरी घेणारी. तिची गती विजेच्या पुरवठ्यातील आंदोलनांशी बांधलेली असते, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. परंतु वीज गेली की दुर्बीण थांबे, आणि गती किंचित कमीअधिक करावयाची सोय तिच्यात नव्हती. चंद्र ताऱ्यांहून मंद सरकतो. त्याच्यामागे तीच गती चालत नाही. शेवटी पायरीपायरीने फिरणारी, एका फेरीत दोनशे पावले टाकणारी स्टेपर मोटर घेण्याचे ठरले. ती बॅटरीवर चालते, व पावलांचा वेग लहानशा इलेक्ट्रॉनिक मंडलाने हवा तसा बदलता येतो. पावलांचे धक्के दुर्बिणीस लागू नयेत म्हणून ते मंडल प्रत्येक पावलाचे आणखी बारीक भाग करते. नायगमवाला ह्यांच्या काळी घासणारे गोळे जे काम करीत तेच हे. मोटरीपेक्षा अधिक खर्च मळसूत्र व दातेरी चाक ह्यांवर करावा असे आमचे मत आहे, कारण मळसूत्र वाकडे कापले असेल तर तारा दर फेरीस पुढेमागे डुलतो व उत्तम मोटरही त्यास काही करू शकत नाही.

आमच्या चाकास 144 दाते आहेत, तेव्हा मळसूत्राची एक फेरी दहा मिनिटांहून किंचित कमी वेळात होते. चाक गावातील एका टर्नरकडे कापावयास दिले आहे. पावसाळा संपला की बैठक गच्चीवर सव्वाएकोणीस अंशांवर बसविण्यात येईल, आणि पहिल्या अंधाऱ्या रात्री दुर्बीण मृगातील तेजोमेघाकडे लाविली जाईल. नादुरुस्तीचा निवाडा देणाऱ्या आजीबाईंस त्या रात्रीचे निमंत्रण आताच देऊन ठेविले आहे.